दाजींची मिल्ट्री

पहिल्या पाळीचं जेवण चाललं होतं. डबा उघडून बसलो तेवढ्यात गेटवरचा सिक्युरिटीवाला कँटीनच्या दारात येऊन माझं नाव विचारू लागला. केडगावहून फोन होता. गेटवर गेलो, रिसीव्हर कानाला लावला, पण पलीकडून भाचा काय सांगतोय ते आधी कळेचना; त्याच्या मागं कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. "मामा... दादा गेलं," एवढंच शेवटी कळलं. दादा म्हणजे त्याचे वडील, माझे दाजी. सकाळी शेरडांना पाला टाकून दाजी ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि अक्का तांब्या घेऊन बाहेर येईस्तोवर भिंतीला टेकल्या टेकल्याच संपले होते. मी परत आत जाऊन डबा झाकला, सुपरवायझरला सांगितलं, कपडे बदलले. घाई करावी असं वाटलंच नाही. कारेगावच्या चौकात उभा राहिलो, शिरूरला गाडी बदलली, न्हावऱ्याला पुन्हा बदलली. वस्तीवर पोचलो तेव्हा बायका अक्काभोवती बसल्या होत्या आणि पुरुषमाणसं मिल्ट्रीच्या सावलीला. आमच्या माळावर तेवढ्या माणसांना पुरेल अशी दुसरी सावली नाही.

दाजी म्हणजे धुळाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्याआधी माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्यात भावाची मुलगी सून म्हणून आणायची रीत आहे, तशी ठकूआत्यानं अक्काला आपल्या घरी नेली. आणि मिल्ट्री म्हणजे दाजींचा ट्रक. लष्करानं मोडीत काढलेला, पुण्याच्या भंगारवाल्याकडून घेतलेला, हिरव्या रंगाचा. चारी चाकांना जोर देणारा, बोकडासारखं पुढं नाक काढलेला. माझ्या जन्माच्या आधीचा असावा. गावानं त्याला पहिल्याच दिवशी 'मिल्ट्री' म्हटलं आणि मग त्याचं तेच नाव राहिलं. तो ट्रक दाजींनी कशासाठी घेतला हे लोक विसरले. पुढं पुढं दाजीही विसरले होते की काय, असं मला वाटायचं. पण मला ते ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

दाजींच्या घरचा धंदा मेंढरांचा. दिवाळी झाली की वाडा निघायचा. वाडा म्हणजे चार भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं आणि पालं असा चालता संसार. भीमेकाठचा हा माळ सोडून माळशेज उतरायचा, कोकणात भातखाचरांतून मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत आणि आपल्याला धान्य, आणि पाऊस तोंडावर आला की पुन्हा तोच घाट चढून देशावर यायचं. एका वर्षी परतीच्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याला, दाजींचे वडील तापानं गेले. तिथंच ओढ्याकाठी सगळं उरकलं आणि दुसऱ्या सकाळी वाडा हलला, कारण खाली चारा उरला नव्हता आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. आत्या त्या सकाळी तो घाट पायी चढली, खांद्यावर एक कोकरू घेऊन. दाजींना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं. "आई पुढं चालत हुती बाळू, आन् मी मागं. एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई तिनं. तवाच म्हणलं, हिला परत ह्यो घाट पायानं चढू द्यायचा न्हाई."

नव्वद सालाच्या मागंपुढं मिल्ट्री वस्तीवर आली. त्या दिवाळीनंतर वाड्याचं सगळं सामान, तान्ही कोकरं, कोंबड्यांची खुराडी आणि आत्या असं सगळं मिल्ट्रीतून निघालं. कुत्री तेवढी चढेनात. ती आपली मेंढरांबरोबर पायीच गेली. घाट उतरताना काही अडलं नाही. उतरायला कुठं ताकद लागते? खरी परीक्षा ज्येष्ठात झाली. घाटाखालच्या मोरोशीहून वर निघाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला मिल्ट्रीचा दम संपला. पहिल्या गिअरमध्येही पुढं सरकेना, पाणी उकळून बॉनेटमधून वाफ निघाली, पेट्रोलचा वास सुटला. मागच्या गाड्यांची रांग लागली आणि भोंगे वाजायला लागले. दाजींनी चाकांना दगड लावले, कोकरं खाली उतरवली. आत्या स्वतःच खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "धुळा, तू गाडी घिऊन ये मागनं. मी होते पुढं." दाजी गाडीत पाणी ओतत, थंड करत, थोडी थोडी चढवत वर आले तेव्हा मेंढरं कधीच वर पोचली होती, आत्यानं चूल मांडून भाकरी टाकल्या होत्या. वाड्यातले सगळे पोट धरून हसले. आत्याही हसली. दाजी तेवढे हसले नाहीत.

तिथून पुढची बरीच वर्षं मिल्ट्रीला ताकद कुठून आणायची या एका विचारात गेली. दौंडला रेल्वेफाटकाच्या पलीकडं हमीदभाईंचं गॅरेज होतं. हमीदभाई जाडजूड, सावकाश बोलणारे, कायम तोंडात सुपारी. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, "धुळाभाऊ, बूढी है ये. इसको आराम दो." दाजींनी ऐकलं नाही. मग इंजिन उतरवलं, सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन बसवले, व्हॉल्व्ह घासले. थोडा फरक पडला. तेवढ्यानं दाजींचं समाधान होईना. हेड म्हणजे इंजिनावरचं जाड झाकण, ते घासून बारीक केलं की आत दाब वाढतो आणि दाब वाढला की जोर वाढतो, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं. मी तेव्हा कंपनीत नवीनच लेथवर लागलो होतो. दाजी हेड पोत्यात गुंडाळून एसटीनं माझ्या खोलीवर घेऊन आले. सणसवाडीत माझ्या ओळखीचा एक जॉबवर्कवाला होता, त्याच्याकडून ते घासून दिलं. मोठ्या गाडीचा कार्बोरेटर मिळवला. त्या वर्षी मिल्ट्री खरंच जोरात पळाली, वस्तीपासून केडगाव स्टेशनपर्यंत दाजींनी मला बसवून नेलं, चेहरा असा फुलला होता त्यांचा... आणि घाटात जास्तीच्या दाबानं हेडखालचं पॅकिंग उडालं. आत्या पुन्हा खाली उतरली. तिनं कोकरू उचललं आणि ती चालायला लागली.

अक्काचं काय होत होतं ते मी दर सुट्टीला बघत होतो. ओसरीत उघडलेलं इंजिन, ज्वारीच्या कणगीशेजारी गिअरची चाकं, पोरांच्या शाळेच्या कपड्यांना ऑइलचा वास. दाजी बाहेर इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकत बसायचे आणि आत जेवायला वाढलेलं ताट थंड व्हायचं. एकदा मी तिला म्हणालो, "अक्का, तू सांग ना त्यांना." ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय सांगू? माझ्या सवतीला दम लागतो म्हणून हे दम खात न्हाईत. तिला बरी करू दे एकदाची, मग माझ्याकडं बघतील." बोलताना ती हसली, पण ते हसणं दमलेल्या बाईचं होतं.

शेवटी हमीदभाईंनीच मार्ग काढला. नगर रोडला अपघात झालेल्या एका ट्रकचं डिझेल इंजिन त्यांच्याकडं आलं होतं. पेट्रोलचं जुनं इंजिन काढायचं आणि हे बसवायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात नवं इंजिन लांब, म्हणून पाण्याची टाकी पुढं सरकवावी लागली, चासीचा आडवा पत्रा कापावा लागला, वजनानं पुढचे स्प्रिंगचे पाटे बसले म्हणून ते वाढवावे लागले. आणि हे इंजिन मिल्ट्रीच्या जुन्या गिअरबॉक्सला बसेना. दोन्हीच्या भोकांचा कुठंच मेळ नाही. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालायची, जिची एक बाजू इंजिनाला बसेल आणि दुसरी गिअरबॉक्सला, असं ठरलं. ती प्लेट मी केली, सणसवाडीच्या त्याच जॉबवर्कवाल्याच्या लेथवर, सुट्टीच्या दिवसांत. पहिली चुकली, दुसरी बसली. ज्या दिवशी बसली त्या दिवशी दाजींनी ती प्लेट हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघितली. मग म्हणाले, "पाव्हणं, चांगलं काम केलंत." मला ते कधी पाव्हणं म्हणत नसत.

या सगळ्यात वर्षं जात होती आणि इकडं वाडा आटत चालला होता. चराईचे माळ कुंपणात गेले. ज्या माळावर दाजी लहानपणी मेंढरं चारायचे त्यावर आज माझी कंपनी उभी आहे. खाली भीमेच्या बाजूला ऊसच ऊस. कोकणातले शेतकरी पोत्यातलं खत टाकायला लागले, मेंढरं बसवायला पूर्वीसारखं कुणी बोलवेना. चुलतभावांनी एकेक करून मेंढरं विकली. कोण दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला, कोण सणसवाडीला कामाला लागला. ज्या वर्षी मिल्ट्रीत डिझेल इंजिन बसलं, त्या वर्षी दाजींच्या आणि त्यांचा चुलतभाऊ बिरा याच्या मिळून जी मेंढरं होती तेवढाच काय तो वाडा उरला होता. सामान तर एका बैलगाडीत मावलं असतं.

त्याच वर्षी कोकणात आत्या आजारी पडली. पायांना सूज, बसल्या जागी धाप. दाजींचा निरोप आला तसा मी रजा टाकून गेलो. खरं सांगायचं तर आत्याची काळजी होतीच, पण ती प्लेट घाटात टिकते की तुटते हेही मला बघायचं होतं. मेंढरं घेऊन बिरा उजाडायच्या आत पाऊलवाटेनं निघाला. आम्ही आत्याला पुढं दाजींच्या शेजारी बसवलं, मी मागं कोकरांत बसलो. मिल्ट्री निघाली. तिसरं वळण गेलं. जिथं पॅकिंग उडालं होतं ती जागा गेली. इंजिनाचा आवाज जराही पडला नाही. मी फळीला हात लावून बघत होतो, थरथर एकसारखी होती. केबिनच्या मागच्या काचेतून दाजींची मान तेवढी दिसत होती, ताठ. एकदाही न थांबता मिल्ट्री माळशेज चढून वर आली.

वर सपाटीला लागताच आत्या म्हणाली, "थांबव."

दाजींना वाटलं तिला त्रास होतोय. "काय हुतंय गं आये?"

"मला काय न्हाई. मेंढरं कुठायत?"

"येत्यात मागनं. बिरा हाय की संगं."

"मग थांबू."

"आये, दवाखाना गाठायचाय. नारायणगावपातुर जायचंय अजून."

"मी कवा मेंढरांच्या आधी वर आले न्हाई," आत्या म्हणाली. धापेमुळं एकेक शब्द सुटा येत होता. "त्यांना सोडून जाती व्हय? थांबव."

दाजींनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. ऊन चढत गेलं. आत्या मिल्ट्रीच्या पायरीवर बसून पाऊलवाटेच्या तोंडाकडं बघत राहिली, दाजी चाकाला पाठ लावून खाली. दुपार झाल्यावर घंटा ऐकू आली, मग धूळ दिसली, मग मेंढरं वर यायला लागली. आत्यानं ती सगळी डोळ्यांखालून जाऊ दिली. "लंगडी कुठाय?" तिनं विचारलं. बिरानं खांद्यावरची मेंढी दाखवली. मग ती आपण होऊन उठली आणि गाडीत बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. एवढा उशीर का केलात? दाजी म्हणाले, "वाट बघत हुतो." आत्याला आत नेल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. चहा आणला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "बाळू, आपून हे सगळं कशापायी केलं रं?"

"चढली ना दाजी. एका दमात चढली."

"व्हय," दाजी म्हणाले. "चढली."

आत्या बरी झाली, पुढं काही वर्षं जगली, पण कोकणात पुन्हा गेली नाही. ती गेली नाही म्हणून दाजी गेले नाहीत. मेंढरं एकदम विकली नाहीत त्यांनी. थोडी थोडी, बाजार बाजारानं. मिल्ट्री हिवाळ्यात उसाच्या फडात रुतलेल्या गाड्या ओढायला जायची, तेव्हा तिच्या ताकदीचं लोकांना कौतुक वाटायचं. मग मोठे ट्रॅक्टर आले आणि तेही बोलावणं कमी झालं. आत्या गेल्यावर वर्षभरानं दाजी माझ्याकडं आले आणि म्हणाले, तुझ्या तिकडं कुठं वॉचमनचं जमलं तर बघ. कारेगावला एका कंपनीच्या गेटवर त्यांना लावलं. निळा शर्ट, कमरेला पट्टा, हातात शिट्टी. मेंढरांमागं माळ तुडवलेला माणूस एका लोखंडी खुर्चीत बसायला लागला. आठवडाभर माझ्या खोलीवर राहायचे, सुट्टीला वस्तीवर जायचे. तक्रार कधी केली नाही. फक्त एवढंच म्हणायचे, "दिस जाता जात न्हाई रं."

गेटवर येणाऱ्या गाड्या हाच त्यांचा विरंगुळा. ट्रक दिसायच्या आधी आवाजावरून सांगायचे, भरलेला आहे की रिकामा, चढ कुठं लागला, ड्रायव्हर नवा आहे की जुना. त्या दिवसांत टर्बोच्या गाड्या यायला लागल्या होत्या. दाजी ड्रायव्हरला चहा पाजून बॉनेट उघडायला लावायचे. परप्रांतातले ड्रायव्हर, त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे, "ये हवा किधर से घुसता है?" संध्याकाळी खोलीच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "इंजिनाच्या धुरावरच चाक फिरतं, ते चाक आत जास्त हवा कोंबतं. फुकटची ताकद. आपल्या मिल्ट्रीला बसंल का?"

"बसेल दाजी. पण आता कशाला?"

"कशाला म्हंजी..." ते म्हणाले. "बसंल का न्हाई, तेवढं सांग."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सणसवाडीच्या भंगारातून एक टर्बो आणलाच. तो माझ्या कॉटखाली ठेवला. तो अजून तिथंच आहे. झाडताना बायको त्याला वळसा घालते.

शेवटच्या वर्षात त्यांना माझ्या खोलीचा जिना चढवेना. मधल्या वळणाला उभे राहायचे, कठड्याला धरून. शिरूरला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, जड काम करायचं नाही असं सांगितलं. जिन्यात मी हात द्यायला गेलो की म्हणायचे, "थांब, इंजिन तापलंय." एकदा म्हणाले, "तुझ्या त्या सणसवाडीवाल्याला इचार, माझंबी हेड घासून देतो का." मी हसलो. मग त्यांनी नोकरी सोडली. बॅग भरून खाली उतरले, रस्त्यावर उभे राहून वर माझ्या खिडकीकडं बघून म्हणाले, "येतो रं बाळू." मी कामावर जायच्या गडबडीत होतो, हात केला. तेच शेवटचं.

तेराव्याला परतीचा पाऊस आदल्या दिवशीपासून लागला होता. वस्तीचा रस्ता काळ्या मातीचा, सगळा चिखल झाला. पाव्हण्यांच्या जीपा, टेम्पो, दौंडहून आलेली हमीदभाईंची जुनी गाडी, सगळं खाली ओढ्यापाशी रुतून बसलं. म्हाताऱ्या बायका गाडीतच अडकल्या. कुणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर बोलवा. कुणाचा ट्रॅक्टर त्या पावसात येणार? मी मिल्ट्रीत चढून बसलो खरा, पण बटण दाबलं तर नुसता टक् असा आवाज. दाजी गेल्यापासून कुणी तिला हात लावला नव्हता.

तेवढ्यात अक्का डोक्यावर पोतं घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. खाली उभी राहून म्हणाली, "बॅटरीवर न्हाई हुयाची ती. आधी खाली उतर. त्यो डिझेलचा बारका हातपंप हाय बघ इंजिनापाशी, त्यो मार. जड लागंस्तवर मार." मी मारला. "आता वर बस. स्टॉपरचा नॉब आत ढकल. दुसऱ्यात टाक, किलच दाबून धर." मग तिनं पुढच्या चाकाखालचा दगड स्वतः पायानं उडवला. मिल्ट्री उताराला लावलेली होती. ती हळूहळू घरंगळायला लागली. "आता सोड!" अक्का ओरडली. मी क्लच सोडला, एक दचका बसला, काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "तुला कसं ठाऊक?"

"एवढी वर्सं काय कान मिटून बसले हुते व्हय?" ती म्हणाली. "जा, माणसं भिजत्यात."

एकेक गाडी दोर बांधून वर ओढली. मिल्ट्रीला त्याचं काहीच वाटलं नाही. हमीदभाई गाडीतून उतरले, भिजत मिल्ट्रीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले आणि मग मांडवात जाऊन बसले. सगळे वर आल्यावर मी अक्काला विचारलं, "बंद करू?"

"राहू दे."

"डिझेल जळतंय अक्का."

"जळू दे," ती म्हणाली, आणि वाढायला आत गेली.

पंगत बसली तरी इंजिन चालूच होतं. ओट्यावरचं बोलणं त्या धडधडीत कुणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून लोक गप्प जेवत होते. अक्का आमटीचं भांडं घेऊन रांगेतून फिरत होती आणि प्रत्येकापाशी वाकून, इंजिनापेक्षा आवाज चढवून विचारत होती, "वाढू का अजून?" तिचा आवाज बरोबर तेवढाच चढत होता, जेवढा लागतो तेवढा. या घरात जेवायला वाढायचं ते असंच, ही तिची फार वर्षांची सवय होती.